दातांतली चांदी आणि अंगातला ठणका

डॉक्टर, माझं वय ४७. सांगली जिल्ह्यात माध्यमिक शाळेत शिकवते. तीन वर्षं झाली, अंग दुखतं. मान, खांदे, कंबर, मांड्या, आज इथे तर उद्या तिथे. झोप लागते, पण सकाळी उठताना रात्रभर ओझी वाहिल्यासारखं वाटतं. वर्गात बोलताना मध्येच शब्द सापडत नाही. रिपोर्ट सगळे नॉर्मल. पुण्याच्या संधिवाततज्ज्ञांनी फायब्रोमायल्जिया सांगितला, रात्रीची एक गोळी दिली, चालायला सांगितलं. गोळीने तोंड कोरडं पडायचं, सकाळी झापड यायची, म्हणून दोन आठवड्यांत सोडली.

माझ्या सहा दाढांत कॉलेजात असताना चांदी भरलेली आहे. न्यू जर्सीच्या जाऊबाईंनी व्हिडिओ पाठवला, की त्या चांदीतल्या पाऱ्यामुळेच हे दुखणं होतं आणि युरोपात त्यावर बंदी आहे. मुलीने एक क्लिनिक शोधलं. तिथे एक गोळी देऊन मग लघवी तपासली, तर पारा लाल पट्ट्यात आला. सहाही दाढांतली चांदी काढून सिरॅमिक बसवायचं आणि अंगातला पारा काढायला दहा सलाइन, मिळून १ लाख ८० हजार सांगितले आहेत. दहा हजार टोकन भरलंय. यजमान म्हणतात, सगळं तुझ्या डोक्यात आहे. चांदी काढू का?

ता. क. मुलीच्या दाढेलाही कीड लागली आहे. लग्न गेल्या वर्षी झालं, आता बाळाचा विचार चाललाय. तिने काय भरून घ्यावं?

— एक शिक्षिका

ताई,

उत्तर आधी देते, कारणं मागाहून. अंगदुखी जावी म्हणून चांदी काढू नका. सलाइन तर मुळीच लावून घेऊ नका. एखादी दाढ तिच्या स्वतःच्या कारणासाठी पुन्हा भरावी लागेल, तो विषय वेगळा, त्याबद्दल खाली लिहिते.

मी स्वतः दंतवैद्य आहे आणि पुष्कळांच्या दाढांत चांदी भरली आहे, हेही सांगून टाकते. ‘ही आपल्या धंद्याची बाजू घेणारच’ असं जाऊबाईंना वाटलं तर त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. फक्त एक हिशेब त्यांनी करून बघावा. सहा दाढा उकरून सिरॅमिक बसवण्यात दंतवैद्याला जे मिळतं, त्यातला एक रुपयाही ‘राहू द्या’ म्हणण्यात मिळत नाही.

आता यजमानांचं वाक्य. हा परिच्छेद त्यांना वाचायला द्या. फायब्रोमायल्जियात सांध्याला सूज नसते, स्नायू झिजलेले नसतात, म्हणून रक्ताचे रिपोर्ट आणि एक्स-रे कोरे येतात. बिघाड असतो तो मेंदू आणि मज्जारज्जू वेदनेचे निरोप कसे हाताळतात त्यात. अशा रुग्णाच्या अंगठ्यावर हलका दाब देऊन फंक्शनल एमआरआय काढला, तर मेंदूचे वेदना जाणणारे भाग जागे झालेले दिसतात. निरोगी माणसात तेवढ्याच दाबाला ते जवळजवळ गप्प असतात. बाईने मनाशी ठरवून हे घडवता येत नाही. १९९० मध्ये अमेरिकेच्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने या दुखण्याचे निकष पहिल्यांदा नीट लिहिले, अंगावरच्या १८ जागा दाबून बघायच्या वगैरे. २०१० मध्ये ते बदलून झोप, थकवा आणि शब्द न सापडणं यांनाही त्यात जागा दिली. तुमचं पत्र वाचताना मला तो २०१० चा कागदच वाचतेय असं वाटत होतं. शंभरातल्या दोन ते चार जणांना हा त्रास असतो आणि त्यात बायका जास्त. म्हणजे तुमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये, नाही तर पलीकडच्या शाळेच्या, आणखी एखादी असेलच.

हे दुखणं खरं आहे. मग ते चांदीतून आलं का?

व्हिडिओत सांगितलेली पहिली गोष्ट बरोबर आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. जिला आपण चांदी म्हणतो त्यात वजनाने निम्मा पारा असतो. उरलेल्या निम्म्यात चांदी, कथील आणि तांबं. आमच्या उमेदवारीच्या काळात ही चांदी दवाखान्यातच कालवायची. काचेच्या छोट्या खलात धातूची भुकटी घ्यायची, वर पाऱ्याचे थेंब सोडायचे आणि बत्त्याने घोटायचं. भुकटी हळूहळू लोण्यासारखी मऊ होत यायची. मग तो गोळा कापडाच्या तुकड्यात घालून पिळायचा, की जास्तीचा पारा चकाकत्या थेंबांनी खाली पडायचा. दाढेत दाबून बसवताना तो गोळा करकर वाजायचा. तेवढी करकर आली की सिनियर मान डोलवायचे. पिळलेला पारा खिडकीतल्या बाटलीत जमा व्हायचा आणि फरशीच्या फटीत गेला तो तिथेच राहायचा. आता सगळं बंद कॅप्सूलमध्ये येतं आणि यंत्र हलवून देतं.

सांगायचा मुद्दा, की चांदीतला पारा कोणाच्या अंगात सर्वांत जास्त जायचा, तर तो भरणाऱ्यांच्या. दंतवैद्य आणि त्यांच्या मदतनिसांच्या लघवीत पारा इतरांपेक्षा जास्त सापडतो, हे अनेकदा मोजलं गेलं आहे. तुमच्या दाढांतूनही थोडी वाफ निघते. चावताना, दात खाताना, गरम चहा पिताना जरा जास्त. ‘एकदा घट्ट झाली की काहीच निघत नाही’ असं आमच्यातले काही जण वर्षानुवर्षं रुग्णांना सांगत आले. ते खरं नव्हतं आणि त्याचीच फळं आज व्हिडिओंच्या रूपाने सगळ्यांना मिळत आहेत. वाफ निघते, पण ती दिवसाला काही मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाच्या हिशेबात.

या चांदीवरून भांडणंही नवी नाहीत. अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या पहिल्या संघटनेने १८४० च्या दशकात सभासदांकडून ‘आम्ही चांदी वापरणार नाही’ अशी लेखी शपथ घेतली आणि त्या वादात ती संघटनाच १८५६ मध्ये मोडली. जर्मनीचा रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड श्टोक प्रयोगशाळेतल्या पाऱ्याने आजारी पडला आणि १९२६ पासून त्याने पाऱ्याच्या वाफेविरुद्ध, दातांतल्या चांदीविरुद्धही, जोरात लिहायला सुरुवात केली. तो खुळा नव्हता. त्याच्यामुळेच लोक पाऱ्याची वाफ मोजायला लागले.

पारा माणसाला दुखवू शकतो, यातही शंका नको. शंभर वर्षांपूर्वी इंग्लंड, ऑस्ट्रेलियात दात येणाऱ्या बाळांना कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचा क्षार असलेली पावडर देत. त्यातल्या काही बाळांचे हातपाय गुलाबी, सुजलेले व्हायचे आणि इतके दुखायचे की ती दिवसरात्र किंचाळायची. पावडर बाजारातून गेली आणि तो आजारही गेला. फेल्टच्या टोप्या करणारे कारागीर, आपल्याकडे २००१ मध्ये बंद पडलेल्या कोडाईकॅनलच्या थर्मामीटर कारखान्यातले कामगार, हे सगळे पाऱ्याशी थेट संबंध आलेले लोक. वाफेची विषबाधा झाली की हात थरथरतात, अक्षर बिघडतं, हिरड्या सुजून लाळ सुटते, स्वभाव बदलतो, मूत्रपिंडावर ताण येतो. तुमच्या पत्रात यातलं एकही लक्षण नाही. फळ्यावरचं अक्षर पूर्वीसारखंच आहे ना? आणि कॉलेजात भरलेली चांदी पंचवीस वर्षं तोंडात असून दुखणं तीन वर्षांचं, हा काळही जुळत नाही.

आता प्रयोग करून बघितलेल्यांकडे वळू. २००६ मध्ये दोन मोठे अभ्यास एकाच वेळी प्रसिद्ध झाले. एक अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातला, ५३४ मुलांचा. दुसरा पोर्तुगालमधल्या लिस्बनचा, ५०७ मुलांचा. किडलेल्या दाढा असलेल्या मुलांपैकी कोणाला चांदी आणि कोणाला कॉम्पोझिट (दातासारखं पांढरं दिसणारं, पारा नसलेलं भरण), हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं आणि पाच ते सात वर्षं मुलांची बुद्धी, स्मरण, मूत्रपिंडं तपासली. चांदीवाल्या मुलांच्या लघवीत पारा थोडा जास्त निघाला, पण बुद्धी, स्मरण किंवा मूत्रपिंडाच्या कामात फरक निघाला नाही. पण ती मुलं होती आणि अंगदुखी हा त्यांचा प्रश्न नव्हता, असं तुम्ही म्हणाल. बरोबर.

तुमच्या प्रश्नाच्या अगदी जवळचा अभ्यास जर्मनीचा आहे, २००८ चा. त्यात ९० माणसं होती आणि सगळ्यांची खात्री होती की आपली दुखणी चांदीमुळेच आहेत. म्हणजे तुमच्यासारखीच. त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाची चांदी काढली. दुसऱ्याची काढली आणि वर जीवनसत्त्वं, क्षार वगैरे देऊन ‘शुद्धी’ही केली. तिसऱ्या गटाच्या दातांना कोणी हात लावला नाही. त्यांना आहार, व्यायाम, ताण हलका करणं हे शिकवलं. वर्षभराने पाहिलं तर तिन्ही गटांना बरं वाटत होतं. काढलेल्यांचा आकडा किंचित वर होता, पण योगायोगानेही पडू शकेल एवढाच तो फरक.

मला यातला सर्वांत बोलका भाग वाटतो तो पाऱ्याच्या मोजणीचा. ज्यांची चांदी काढली त्यांच्या अंगातला पारा खरोखरच उतरला. तिसऱ्या गटाचा जवळजवळ तिथेच राहिला. पारा आहे तिथेच आणि दुखणं मात्र कमी, मग दुखणं पाऱ्यावर अवलंबून होतं असं कसं म्हणायचं? शिवाय ‘शुद्धी’ केलेल्यांना नुसती चांदी काढलेल्यांपेक्षा काहीच जास्त मिळालं नाही. तुमच्या पॅकेजमधली दहा सलाइन याच खात्यातली.

दुसऱ्या बाजूचंही सांगते, नाही तर जाऊबाई उद्या तेच पाठवतील. नॉर्वेच्या बर्गनमध्ये एका छोट्या अभ्यासात चांदी काढलेल्यांच्या तक्रारी तीन वर्षांनंतरही कमी होत्या. स्टेस्काल नावाच्या संशोधक बाईंनी फायब्रोमायल्जियाच्या १५ स्त्रियांवर धातूच्या अ‍ॅलर्जीचा रक्ततपास करून, धातू टाळल्यावर काही वर्षांनी त्यातल्या निम्म्या बऱ्या झाल्याचं लिहिलं. हे दोन्ही मी वाचले आहेत. अडचण अशी की आपल्या तोंडातली चांदी गेली हे प्रत्येकीला माहीत होतं आणि त्या १५ जणींशी तुलना करायला दुसरा गटच नव्हता. फायब्रोमायल्जिया चढतो, उतरतो. माणूस एवढा मोठा उपाय शोधायला निघतो तो दुखणं सर्वांत वर गेलेलं असताना. त्यानंतर काहीही केलं तरी ते थोडं खाली येतंच, आणि जे केलं त्याला श्रेय मिळतं.

युरोपातल्या बंदीचं काय? बंदी खरी आहे. नॉर्वेने २००८ मध्ये, स्वीडनने २००९ मध्ये चांदी बंद केली आणि १ जानेवारी २०२५ पासून सगळ्या युरोपीय संघात ती मोजके अपवाद सोडून बंद झाली. पण त्यामागचं मुख्य कारण पर्यावरणाचं आहे. दवाखान्याच्या बेसिनमधून गटारात, तिथून पाण्यात, माशांत जाणारा पारा, आणि दहनगृहाच्या धुरातून हवेत जाणारा. जपानच्या मिनामाताचं नाव दिलेला आंतरराष्ट्रीय करार आहे, भारतानेही तो २०१८ मध्ये स्वीकारला. त्यात पाऱ्याचा सगळीकडचाच वापर कमी करत न्यायचा आहे. चांदी जाणार, आणि जावी असंच माझंही मत आहे. पण नवी भरू नका असं सांगणारी सरकारंही तोंडात शाबूत असलेली जुनी चांदी सरसकट उकरा असं म्हणत नाहीत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये कोणी चांदी टाळावी याची यादी दिली, गरोदर बाया, लहान मुलं, मज्जासंस्थेचे किंवा मूत्रपिंडाचे आजार असलेले, पाऱ्याची अ‍ॅलर्जी असलेले. आणि त्याच पत्रकात लिहिलं, की चांगली बसलेली जुनी चांदी वैद्यकीय गरज नसताना काढू नका.

त्या लाल पट्ट्याबद्दल मात्र मला राग आला. तुम्हाला आधी जी गोळी दिली ती अंगातले धातू ओढून लघवीत आणणारी असते. मासे खाणाऱ्या, या जगात राहणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात थोडा पारा असतो. गोळी दिली की तो लघवीत उतरतो आणि आकडा वाढतो. मग त्या आकड्याची तुलना गोळी न घेतलेल्या माणसांच्या आकड्यांशी केली, की कोणीही लाल पट्ट्यात जाईल. ते क्लिनिक चालवणारेही जातील. अमेरिकेतल्या विषबाधातज्ज्ञांच्या संघटनेने स्पष्ट लिहिलं आहे, की अशी गोळी देऊन केलेली तपासणी शास्त्राने सिद्ध झालेली नाही, तिचा फायदा दिसलेला नाही आणि अपाय होऊ शकतो.

मनात शंका राहतच असेल तर कोणतीही गोळी न घेता साधी लघवी तपासा, क्रिएटिनिनसकट, म्हणजे लघवी पातळ की घट्ट यावरून आकडा फसवणार नाही. चांदीतला पारा लघवीत दिसतो. रक्तातला आकडा मासे खाल्ल्याने वर जातो, त्यावरून दाढांना दोष देऊ नका. आणि साधा आकडासुद्धा जास्त आला तर दाढांकडे बघण्याआधी घरातल्या कपाटात बघा. गोरं करणाऱ्या बिननावाच्या क्रीममधल्या पाऱ्याने मूत्रपिंडं बिघडल्याचे रुग्ण आपल्या देशात सापडले आहेत. आणि हो, सांधेदुखीवर कोणाकडून पुड्या आणून घेत आहात का? कज्जली, रससिंदूर, हिंगूळ हे सगळे पाऱ्याचेच कल्प. २००४ मध्ये बॉस्टनच्या दुकानांतून दक्षिण आशियात बनलेली ७० आयुर्वेदिक औषधं तपासली, तेव्हा १४ औषधांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं होतं. सगळे वैद्य असे नसतात, हे मला माहीत आहे. पण घटक न छापलेली पुडी घेत असाल तर ती आधी थांबवा. दुखण्याची पुडी घ्यायची आणि दाढेतला पारा काढायचा, असली उलटी गंगा मी पाहिली आहे.

सलाइनबद्दल थोडक्यात. त्यात बहुधा ईडीटीए नावाचं, धातूंना धरून लघवीवाटे बाहेर नेणारं औषध असतं. ते शिशासाठी वापरलं जातं, पाऱ्यावर ते फारसं चालत नाही. चुकीच्या प्रकारचं दिलं तर रक्तातलं कॅल्शियम एकदम कोसळतं. २००५ मध्ये अमेरिकेत एक पाच वर्षांचं मूल त्यातच दगावलं. विषबाधा सिद्ध झालेल्या माणसाला रुग्णालयात हे उपचार देतात, तो भाग वेगळा. सांगलीहून बसने येऊन दहा बाटल्या लावून परत जायचं, यात मला फक्त धोका दिसतो.

आता दाढा. चांदी काढायची म्हणजे ड्रिलने उकरायची. उकरताना वाफ नेहमीपेक्षा कितीतरी पट निघते, काही दिवस अंगातला पारा वाढतो. शिवाय दर वेळी थोडी चांगली दाढही जाते. मोठी चांदी असेल तर नस दुखावते आणि भरण्याचं काम रूट कॅनॉलवर आणि कॅपवर येतं. सहा दाढा, म्हणजे सहा वेळा हा डाव. तोंडात आधी काहीच दुखत नसताना.

दुखण्याचं मूळ दातांत शोधण्याची हौस जुनीच आहे. १९१० मध्ये विल्यम हंटर नावाच्या ब्रिटिश डॉक्टराने मॉन्ट्रियलमध्ये भाषण दिलं, की अनेक जुनाट आजारांचं मूळ दातांतल्या पुवात आहे. पुढची दोनतीन दशकं संधिवाताच्या रोग्यांचे धडधाकट दात उपटले गेले. तुमच्या जाऊबाईंच्याच न्यू जर्सीत, ट्रेंटनच्या मनोरुग्णालयात, हेन्री कॉटन वेड बरं करायला दात उपटत होते. माणसं बोळकी झाली, सांधे आणि वेड होते तिथेच राहिले. आजही जबड्याच्या हाडात ‘लपलेली पोकळी’ शोधून ती खरवडणारे आहेत. त्या वाटेलाही जाऊ नका.

म्हणून जवळच्या साध्या दंतवैद्याकडे जा, पॅकेजवाल्याकडे नको, आणि एकेक दाढ तपासून घ्या. चांदीच्या कडेला फट आहे का, खाली पुन्हा कीड आहे का, दाढेला चीर गेली आहे का, गार पाण्याने सळक जाते का, चावताना एकच दाढ आधी लागते का. एक्स-रे काढा. यातलं काही निघालं तर ती एक दाढ पुन्हा भरा आणि या वेळी चांदी भरू नका. आणखी एक बघायला सांगा. चांदीला टेकलेल्या गालाच्या किंवा जिभेच्या भागावर पांढऱ्या जाळीसारखे, चुरचुरणारे चट्टे आहेत का. चांदीची अ‍ॅलर्जी असते ती बहुधा अशी, नेमक्या तेवढ्याच जागी दिसते. तिथे चांदी काढल्यावर चट्टे बऱ्याचदा खरंच बरे होतात. चांदी काढायला हे चांगलं कारण आहे. काढायचीच वेळ आली तर दाढेभोवती रबर डॅम, म्हणजे रबराचा पातळ पडदा, लावायला सांगा, पाणी भरपूर मारायला आणि जोराचं सक्शन धरायला सांगा, आणि चांदीची भुकटी करण्यापेक्षा तुकडे करून काढायला सांगा. यासाठी वेगळं महागडं पॅकेज लागत नाही.

आणि जबडा! सकाळी उठल्यावर कानशिलं दुखतात का, जबडा आवळल्यासारखा वाटतो का, तोंड उघडताना कानाजवळ कट् वाजतं का? फायब्रोमायल्जिया असलेल्यांना जबड्याच्या स्नायूंचं दुखणं पुष्कळदा जोडीला असतं, आणि झोपेत दात आवळण्याची सवयही. दातांचा आणि अंगदुखीचा खरा संबंध कुठे सापडलाच तर तो इथे सापडेल. रात्री घालायची प्लॅस्टिकची पट्टी, जबड्याचे व्यायाम, गरम शेक, एवढ्याने मानेपर्यंतचा ठणका हलका झालेल्या बाया मी बघितल्या आहेत. हिरड्यांतून रक्त येत असेल तर तेही साफ करून घ्या. हिरड्यांचा जुना आजार आणि आमवात यांचं नातं संशोधक गंभीरपणे तपासत आहेत, पण तुमचे आमवाताचे रिपोर्ट कोरे आहेत म्हणून मी तिकडे जात नाही.

आता दुखण्याकडे. पुण्याच्या डॉक्टरांकडे परत जा आणि गोळी सोडल्याचं सरळ सांगा. रागावणार नाहीत. तोंड कोरडं पडणं आणि सकाळची झापड या तक्रारी त्यांना पाठ असतात. मात्रा कमी करून, संध्याकाळी लवकर घेऊन किंवा औषध बदलून मार्ग निघतो. दोन आठवड्यांत या गोळ्यांचा निकाल लागत नाही. थायरॉइड, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि साखर गेल्या वर्षभरात तपासली नसेल तर तेवढं करा. घोरता का, ते यजमानांना विचारा, त्यांना माहीत असेल. झोपेत श्वास अडकत असेल तर झोप पुरणारच नाही. दुखणं सुरू होण्याआधी ताप येऊन सांधे धरले होते का, तेही आठवून सांगा. चिकुनगुनियानंतर महिनोन्‌महिने दुखत राहिलेले पुष्कळ लोक आपल्याकडे आहेत.

‘चालायला सांगितलं’ हे तुम्ही जरा नाराजीने लिहिलंय. मला समजतं, एवढं दुखत असताना कोणी चाला म्हटलं की संताप येतो. पण फायब्रोमायल्जियावर सर्वांत भक्कम पुरावा आहे तो व्यायामाचाच, गोळ्यांचा त्याखाली. फक्त सुरुवात आपल्याला वाटते त्याच्या निम्म्याने करायची. दहा मिनिटं चालवत असेल तर पाचच मिनिटं चाला, पण रोज. बरं वाटलेल्या दिवशी घर झाडून, दिवाळीचे डबे घासून, सगळी साठलेली कामं उरकायची आणि मग तीन दिवस झोपून काढायचे, हे बंद करा. वर्गात एक खुर्ची मागून घ्या. मुख्याध्यापकांना डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा, लाज कसली त्यात.

टोकनचे दहा हजार परत मागा. लेखी मागा, फोनवर नको. ‘उपचार सुरू झालेले नाहीत, मला ते घ्यायचे नाहीत, रक्कम परत करावी आणि माझे सगळे रिपोर्ट द्यावेत.’ एवढ्या तीन गोष्टी पुरेत. रिपोर्ट तुमच्या पैशाने झालेले आहेत, ते मागायचा तुम्हाला हक्क आहे. टाळाटाळ केली तर ग्राहक आयोगाचं नाव काढा. पैसे बुडालेच तरी ‘दहा हजार गेलेत तर आता करूनच घेऊ’ असा विचार करू नका. उरलेले एक लाख सत्तर हजार अजून तुमच्याकडेच आहेत.

आणि मुलीचं. तिच्या दाढेची कीड आत्ताच काढून घ्या, दिवस राहायच्या आधी. चांदी भरू नका. मूल होऊ देण्याचा विचार करणाऱ्या, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी चांदी टाळावी असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या त्या यादीतच आहे आणि चांगला पर्याय असताना मीही ती भरणार नाही. खड्डा लहान असेल तर काचेचं सिमेंट (ग्लास आयनोमर) किंवा कॉम्पोझिट, चावण्याच्या दाढेला मोठा खड्डा असेल तर कॉम्पोझिट किंवा सिरॅमिक, हे तिचे डॉक्टर दाढ बघून ठरवतील. कॉम्पोझिट भरताना दाढ कोरडी राहावी लागते, वेळ जास्त लागतो, तेव्हा घाई करू देऊ नका. आणि मधल्या काळात दिवस राहिले तरी दाढ तशीच ठेवायची गरज नाही. गरोदरपणातही दात भरता येतात, मधले तीन महिने त्यासाठी सोयीचे. तिच्या तोंडात आधीची कुठली चांदी असेल तर ती मात्र त्या नऊ महिन्यांत आणि अंगावर पाजत असताना कोणालाही उकरू द्यायची नाही.